छातीसमोरचे हात

त्याने डावा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाजूला पसरला, पंजा उघडा ठेवला, आणि भाऊजींनी तो पाहिला नाही. एवढंच झालं. मग वल्हं शेजारून येणाऱ्या पॅडल बोटीवर खाडकन आपटलं, त्या बोटीतल्या बाईच्या मांडीवर पाणी उडालं, तिच्या नवऱ्याने "ओ काका, डोळे घरी ठेवून आलात का?" असं विचारलं, आणि भर दुपारी, चारी बाजूंनी होड्यांचा बाजार भरलेला असताना, तलावाच्या मध्यभागी दोन मिनिटं तोंडातोंडी झाली. त्यात ताईच जास्त बोलली. ती होडीच्या पुढच्या टोकाला बसली होती, तिथून अर्धी उठून तिने त्या माणसाला त्याच्या बोटीचा वेग, त्याच्या डोक्यावरची टोपी आणि त्याचं एकंदर वळण यांवरून ऐकवलं. भाऊजी हसले. वल्हं पाण्यातून वर घेत म्हणाले, "माझी पाठ आहे ना तिकडे." हे खरंच होतं. वल्हवणारा माणूस जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो, त्याला जे कळतं ते समोर बसलेल्याकडून कळतं. पण हात काही पाठीमागे नव्हता. हात समोर बसलेल्या माणसाचा होता, दोन हातांच्या अंतरावर होता, आणि तो हात बघण्याचाच भाऊजींना दिवसाचे आठ तास पगार मिळत होता.

घरी तो ताईचा धाकटा भाऊ होता, पण कामावर त्याला सगळे मेहुणे म्हणत. सात मजली इमारत उभी राहत होती, चाळीसेक माणसं होती, आणि गवंडी, सुतार, वेल्डर, वॉचमन झाडून सगळे त्याला "अहो मेहुणे" अशी हाक मारत. कारण क्रेन चालवत भाऊजी, आणि क्रेनसमोर उभा राहून हातांनी इशारे करणारा सिग्नलमन हा त्यांच्या बायकोचा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी भाऊजींनीच शब्द टाकून त्याला चिकटवला होता. त्याआधी तो काय करत होता यात लपवण्यासारखं काही नाही, कारण तो काहीच करत नव्हता. काम तसं सोपं दिसतं. क्रेनवाला केबिनमध्ये बसतो, त्याला पुष्कळदा ओझं दिसतच नाही. ते भिंतीपलीकडे असतं, नाहीतर खड्ड्यात असतं. सिग्नलमनला ओझंही दिसतं आणि केबिनही दिसते. त्याने बोट वर करून फिरवलं की ओझं वर, खाली करून फिरवलं की खाली, हात पसरला की त्या बाजूला, मूठ मिटली की आहे तिथेच. क्रेनवाल्याने मानायचं ते एकाच माणसाचं. बाकी दहा जण ओरडले तरी कानाडोळा करायचा. फक्त 'थांब' हा इशारा कुणीही केला, रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी बाईने केला, तरी मानायचा. नऊ वर्षांत त्या दोघांनी कामावर तोंडाने बोलणं फारसं ठेवलंच नव्हतं. वॉकीटॉकी होता, पण त्याची खरखर भाऊजींना सोसत नसे. लोक म्हणत, मेहुण्याने नाक खाजवलं तरी क्रेन हलते.

होडीत बसायची वेळ आली तीही या कामापायीच. वर्षाचा सर्वांत दक्ष कामगार म्हणून कंपनीने त्याचा सत्कार केला होता, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं आणि तिघांसाठी तासभर नौकाविहाराचं कूपन दिलं होतं. घड्याळ ताईकडे लागलं. कूपनाची मुदत या रविवारी संपत होती, आणि कूपन वाया घालवणं ताईच्या रक्तात नव्हतं. रविवार, वर सुट्टीचे दिवस, त्यामुळे सगळं शहर तलावावर लोटलेलं. दोन तास रांगेत उभं राहिल्यावर नारिंगी लाईफ जॅकेटं मिळाली, ती मागच्या माणसांच्या घामाने ओली होती. मग सत्तावीस नंबरची होडी मिळाली. धक्क्यावर लाउडस्पीकरवाला सारखा ओरडत होता, अकरा नंबर वेळ संपली, चौतीस नंबर मोटारबोटीच्या वाटेत येऊ नका, उभं राहू नका, अहो काका उभं राहू नका. होडीत कोण कुठे बसणार हे कुणी ठरवलं नाही. भाऊजींनी वल्ही घेतली, तो त्यांच्यासमोर बसला, आणि ताई भाऊजींच्या पाठीमागे पुढच्या टोकाला. कामावर असायचे तसेच ते दोघे समोरासमोर होते, फक्त ताई जास्तीची.

पॅडल बोटवाला बडबडत निघून गेला. भाऊजी पुन्हा वल्हवू लागले आणि त्यांनी पूर्वी एका नदीत आपण कसे वल्हवायचो ती गोष्ट पुढे सुरू केली. ते त्याच्याकडे बघूनच बोलत होते. त्यांची नजर चांगली होती. दर सहा महिन्यांच्या तपासणीत अक्षरांचा तक्ता ते शेवटच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा वाचत आणि वर छापखान्याचं नाव वाचू का विचारत. त्याला स्वतःलाही कळलं नाही, पण त्याने उजवा हात हळूच बाजूला नेला. मांडीवरून होडीच्या कडेवर, कडेवरून थोडा बाहेर. तिथे बोटं हलवली. भाऊजी नदीबद्दल बोलत राहिले. त्याने हात आणखी वर घेतला, खांद्याएवढा, आणि मूठ उघडमीट केली. कुणीही माणूस अशा वेळी हाताकडे बघतो, त्याला वेडा समजतो, काय रे म्हणून विचारतो. भाऊजी म्हणाले, "आणि पाणी इतकं गार, की पाय टाकला की कळ मस्तकात." त्याने हात हळूहळू आत आणायला सुरुवात केली. खांद्याच्या आत आला, काही नाही. कानाजवळ आला, काही नाही. गालापासून वीतभर राहिला तेव्हा भाऊजींचे डोळे चटकन तिकडे गेले आणि ते म्हणाले, "काय रे, डास?" तो म्हणाला, "हो, डास." आपल्याला घाम सुटलाय आणि तो उन्हाचा नाही, हे त्याला समजलं.

हे कधीपासून, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला आणि उत्तर लगेच आलं, त्याचीच त्याला लाज वाटली. गेल्या वर्षी, पाया भरायचं काम संपत आलं तेव्हा. तोवर तो मनाला येईल तिथे उभा राहायचा, ओझ्याच्या मागे धावायचा, हात चांगले लांब करून इशारे द्यायचा, जसे पुस्तकातल्या चित्रात असतात तसे. मग एकदा भाऊजी म्हणाले, जरा मधे उभा राहत जा, ऊन डोळ्यांवर येतं. तो मधे उभा राहू लागला. मग म्हणाले, हात इतके कशाला फाकवतोस, नाचायला आलायस का, छातीसमोर ठेव. सगळे हसले होते, तोही हसला होता. त्याने हात छातीसमोर आणले. जे इशारे हात पसरून द्यायचे ते तो आता कोपर अंगाला चिकटवून, अंगठ्याने द्यायला शिकला. त्याला वाटलं, आपलं काम आता मुरलं. खरा कारागीर हात कमी हलवतो. मग त्याच्याच लक्षात येऊ लागलं, की भाऊजी वळताना क्रेनच्या मागे तोलासाठी लावलेल्या, तिच्याबरोबर फिरणाऱ्या वजनाकडे, बाजूने जाणाऱ्या माणसांकडे पूर्वीसारखे बघत नाहीत. तेव्हा त्याने मनात असाही विचार केला की आता त्यांचा आपल्यावर पूर्ण भरवसा बसला. त्या भरवशाला जागायचं म्हणून त्याने स्वतःच्या मनाने शिट्टी गळ्यात घातली, आणि क्रेन वळायच्या आधी डावीउजवीकडची माणसं तो शिट्टी मारमारून हाकलू लागला. डोळ्यांत तेल घालून उभा राहायचा. संध्याकाळी मान दुखायची. त्या शिट्टीबद्दलच त्याला घड्याळ मिळालं होतं. एकदाच, पावसाळ्याच्या शेवटी, शिट्टी मारायला उशीर झाला आणि क्रेनचं मागचं वजन फिरताना एका गवंड्याचा हातगाडा चेपून भिंतीला लागला. गाड्याजवळ माणूस नव्हता. चौकशीत त्याने सांगितलं की गाडा तिथे ठेवायलाच नको होता. गवंड्याला ताकीद मिळाली, आठवड्याने त्याची दुसरीकडे बदली झाली. जाताना तो गवंडी त्याला म्हणाला होता, मेहुणे, गाडा सकाळपासून तिथेच होता, दहा वेळा क्रेन वळली. त्याने तेव्हा खांदे उडवले होते.

त्याने मान वर केली आणि भाऊजींच्या खांद्यावरून त्याला ताई दिसली. ती मागे वळून त्याच्याकडे बघत होती. किती वेळ बघत होती कुणास ठाऊक; बहुधा हात बाहेर गेला तेव्हापासून. तिने डोळे बारीक केले आणि मान डावीकडून उजवीकडे एकदाच हलवली. नको. तिच्या आणि त्याच्या मधोमध भाऊजी बसलेले, त्यांची पाठ तिच्याकडे, आणि ते आता नदीवरून पुलावर आले होते. त्याने भुवया उंचावल्या: तुला माहीत आहे? तिने डोळे मिटून उघडले. लहानपणी जेवताना आईची नजर चुकवून ही दोघं अशीच बोलायची, कुणाच्या ताटातली नावडती भाजी कुणी खायची ते ठरवायची, आणि ताईची एक मान हलली की विषय संपायचा. त्याची सवय अजून गेली नव्हती. हात त्याने मांडीवर ठेवून दिला.

मग एकेक गोष्ट आपणहून पुढे येऊन उभी राहिली. ताईच्या घरी दर रविवारी तो जेवायला जातो. दीडेक वर्षापूर्वी तिने बाहेरच्या खोलीतलं मधलं टेबल काढून टाकलं, स्टुलं भिंतीला लावली, पायपुसणं दारातून उचललं. तो म्हणाला होता, खोली मोठी दिसते गं. ती म्हणाली होती, केर काढायला बरं. भाऊजी घरात आले की ती हातातलं काम टाकून त्यांच्या एका बाजूला चालायची. त्याला वाटायचं, म्हातारपणी यांचं प्रेम ऊतू चाललंय, आणि त्यावर त्याने एकदोनदा चेष्टाही केली होती. भाऊजींनी स्कूटर विकली, व्यायाम म्हणून चालत येऊ लागले. दाराच्या चौकटीला कपाळ लागून खोक पडली तेव्हा ताईने चौकटीलाच शिव्या घातल्या. हे सगळं त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. बघणं हाच त्याचा धंदा होता, आणि गावभर ज्याचं कौतुक त्याला घरातलं दिसू नये, याला काय म्हणावं. त्याला स्वतःचा राग आला, मग ताईचा आला, आणि भाऊजींचा काही केल्या येईना, तेव्हा तो तलावाकडे बघत बसला.

परवा, मंगळवारी, जनरेटर बसवायचा होता. साडेचार टन. इमारतीच्या मागे उंच भिंतीचं आवार होतं, तिथे तो वरून उतरवायचा. क्रेन भिंतीच्या अलीकडे, खाली घ्यायला आठ माणसं भिंतीच्या पलीकडे, आणि भिंतीवर उभा तो एकटा. त्या आठांतले दोघे रोज त्याच्याबरोबर चहा पितात. ते वर बघत उभे राहतील, हात वर करून, जनरेटर डोक्यावर आल्यावर त्याला धरून फिरवायला. अलीकडच्या अंगाला क्रेनचं मागचं वजन फिरेल तिथे रस्त्याकडचा पत्रा आहे, आणि पत्र्याच्या फटीतून आत घुसून माणसं वाट कमी करतात, कितीदा बंद केली तरी. दोन्हीकडे एकाच वेळी बघायला भिंतीवरून जमणार नव्हतं. हे त्याला महिनाभर टोचत होतं आणि का टोचतंय ते कळत नव्हतं. भाऊजींना एकदा विचारलं तर ते म्हणाले होते, "तू नाकासमोर बघ, मी तुझ्याकडे बघतो." तेव्हा त्याला ते वाक्य चांगलं वाटलं होतं.

"भाऊजी, मी घेतो वल्ही," तो म्हणाला. "तुम्ही बसा जरा."

"दमलो नाही रे मी."

"द्या हो त्याला," ताई मागून म्हणाली, नको तितक्या झटकन. "त्याचं बक्षीस आहे. त्याला मजा करू दे."

दोघांनी वाकून, एकमेकांचे खांदे धरून जागा बदलल्या, होडी डुगडुगली, लाउडस्पीकरवर कुणीतरी त्यांना उद्देशून किंवा दुसऱ्याच कुणाला खाली बसायला सांगितलं. आता तो मधे बसला आणि जायच्या दिशेला त्याची पाठ झाली. वल्ही हातात घेतल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. आता दिशा सांगणारे भाऊजी होते. ते त्याच्यासमोर आरामात बसले, पाय ताणले, आणि पुढे बघून म्हणाले, "चल, मोकळं आहे." त्याने ओढलं. पाठीमागे काय आहे ते त्याला दिसत नव्हतं. माणसांचे आवाज येत होते, मुलं किंचाळत होती, पॅडलांची छपछप कधी डावीकडून जवळ यायची कधी उजवीकडून, आणि समोर भाऊजींचा चेहरा, शांत, थोडा हसरा. नऊ वर्षं तो या माणसाला काय करायचं ते सांगत आला होता, पण दुसऱ्याच्या शब्दावर पुढे जायचं म्हणजे काय, हे त्याला पहिल्यांदा कळत होतं. मानेमागची कातडी आकसली होती. भाऊजी म्हणत, "मोकळं आहे," आणि पाठीमागून ताई, सहज बोलल्यासारखं, म्हणे, "डावीकडून ती बदकाची बोट कशी चाललीय बघा," आणि तो त्याप्रमाणे एक वल्हं सोडून दुसरं ओढे. असं थोडा वेळ चाललं. नवराबायको मिळून होडी नेत होती. ताईचा आवाज इतका सरावाचा होता, की घरी हे रोज चालत असणार याबद्दल त्याला शंका उरली नाही.

तलावाच्या मधे झाडांचं एक छोटं बेट होतं. त्याच्या आणि काठाच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यातून सगळ्या होड्या परत फिरत. तिथे पोचेपर्यंत मोटारबोट मागून गेली, तिच्या लाटेने होडी वर गेली आणि खाली आपटली, पाणी आत आलं, ताईची पर्स भिजली आणि ती पर्सकडे वाकली. तेवढाच वेळ. भाऊजी म्हणाले, "मोकळं आहे, ओढ जोरात, लाटेतून बाहेर काढ." त्याने जोरात ओढलं. "थांब!" ताई किंचाळली, "थांब, थांब!" आणि त्याचे हात विचार न करता थांबले, वल्ही पाण्यात उभी रुतवली त्याने, पण क्रेन थांबते तशी होडी थांबत नाही. बेटाच्या आडून आलेल्या पॅडल बोटीच्या कुशीत सत्तावीस नंबरचं टोक शिरलं. त्या बोटीत एक म्हातारे गृहस्थ जागा बदलायला म्हणून नेमके उभे राहिले होते. ते हात न हलवता, आवाज न करता, आडवे पाण्यात गेले.

खाली काय झालं ते फार थोडा वेळ चाललं. जॅकेटने म्हाताऱ्याला वर आणलं, होडीतून त्याने वल्ह्याचं टोक त्यांच्यापुढे धरलं, त्यांनी ते पकडलं, आणि त्या बोटीतल्या दोघा माणसांनी त्यांना बखोटीला धरून आत ओढलं. म्हातारा खोकला, थुंकला आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: "एक चप्पल गेली." मग सगळे एकदम ओरडायला लागले. पण त्याला पुढे कित्येक दिवस दिसत राहिलं ते हे नाही. वल्हं पुढे धरायच्या आधी, आवाज झाला त्या क्षणी, त्याने भाऊजींकडे पाहिलं होतं. भाऊजी अजून समोर, मोकळ्या पाण्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मघाचंच हसू होतं, कारण ते पुसायला त्यांना वेळ मिळाला नव्हता. मग त्यांना आवाज कळला. ते शोधायला लागले. मान थोडी वळवायची, बघायचं, आणखी थोडी वळवायची, बघायचं. माणूस होडीच्या अगदी बाजूला पाण्यात धडपडत होता, आणि त्यांची नजर त्या माणसावरून पुढे गेली, परत आली, आणि ते म्हणाले, "कुठे? कोण पडलं? कुठे आहे?" त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. ताईने मागून भावाच्या खांद्यावरून ओणवं होऊन हात लांबवले आणि भाऊजींचं डोकं दोन्ही हातांनी धरून त्या दिशेला वळवलं. हे तिने इतक्या लोकांसमोर केलं.

"सत्तावीस नंबर, काठाला या. सत्तावीस नंबर." लाउडस्पीकर हे धक्का येईपर्यंत म्हणत राहिला. कूपनातली वीस मिनिटं बाकी होती. परतीच्या वाटेवर बाजूच्या होड्या आपणहून लांब सरकत होत्या. धक्क्यावरच्या माणसाने चार शब्द सुनावले ते त्याने ऐकून घेतले. भाऊजींना झाडाखालच्या बाकावर बसवलं. ओली जॅकेटं परत द्यायला तो आणि ताई खिडकीशी गेले, तिथेही रांगच होती.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"दीड वर्ष. डॉक्टर म्हणाले, बाजूचं गेलंय, ते परत येत नाही. समोरचं राहील म्हणाले बराच काळ." ती जॅकेटची पट्टी बोटाला गुंडाळत होती.

"आणि तू त्यांना क्रेनवर जाऊ देतेस?"

"तू आहेस ना समोर."

तिने हे ज्या तऱ्हेने सांगितलं, त्यात कसलाही कावा नव्हता. घरात पाणी आहे ना, दिवा आहे ना, तसं तू आहेस.

"ताई, परवा भिंतीपलीकडे आठ माणसं असणार आहेत."

"माणसं रोजच असतात. दीड वर्षात काय झालं? एक गाडा मोडला. अडीच वर्षं राहिलीत त्यांच्या निवृत्तीला. तेवढी झाकली मूठ राहू दे. आता उठवलंस ना त्यांना तिथून, तर ते घरात बसून मरतील, मी सांगते तुला. आणि तुला या कामावर कुणी लावलं ते आठव."

"आठवतंय."

"मग झालं तर." तिने तिन्ही जॅकेटं खिडकीतून आत ढकलली. "मी चहा आणते. तू त्यांच्याजवळ जाऊन बस. आणि तोंड असं करून बसू नकोस."

आपलेच दात आपलेच ओठ, चावायचं कुणाला. तो बाकाकडे चालला तेव्हा काय बोलायचं ते त्याचं ठरलेलं नव्हतं. साहेबांकडे जाऊन सांगणं त्याच्याने होणार नव्हतं, ते त्याला माहीत होतं. जीभ झडली असती. गप्प बसणं आत्तापर्यंत जमलं होतं ते माहीत नव्हतं म्हणून. त्याच्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्याचे हात. भाऊजी बुटातलं पाणी काढत होते. त्याची चाहूल लागल्यावर त्यांनी सगळी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"भाऊजी, परवा मी भिंतीवर उभा राहणार नाही."

"रजा घेतोयस?"

"नाही. कामावर येणार. पण तुमच्यासमोर उभा राहणार नाही. परवाही नाही आणि नंतरही नाही."

भाऊजींनी बूट खाली ठेवला. तलावावर कुणाची तरी वेळ संपल्याचं लाउडस्पीकर सांगत होता.

"कधी कळलं तुला?"

"आज."

"आज?" ते खरोखरच चकित झाले. "आजच? अरे, मला वाटलं तुला पहिल्यापासून माहीत आहे. मी तुला नुसतं म्हणालो हात जवळ घे, तर तू सगळे इशारेच बदललेस. शिट्टी आणलीस. शिट्टीचं मी कधी तोंडाने बोललो होतो का? मी घरी येऊन हिला सांगितलं, बघ, एक शब्द न बोलता सांभाळून घेतोय. रोज सांगायचो."

जी माया त्याने केलीच नव्हती ती दीड वर्ष त्याच्या नावावर चढत होती, आणि ती परत करायची वेळ आता आली होती. "मला माहीत असतं तर तेव्हाच नाही म्हणालो असतो," तो म्हणाला. हे खरं होतं की नाही ते त्याला सांगता आलं नसतं.

"हं," भाऊजी म्हणाले. "दुसऱ्या पाळीतल्या सिग्नलमनला देतील मग भिंतीवर."

"हो. चांगला आहे तो."

"चांगला आहे. हात ऐसपैस पसरतो." त्यांनी स्वतःचे हात पुढे धरले, हळूहळू बाजूला नेले आणि दोन्हीकडे कुठपर्यंत राहतात ते बघितलं; फार लांबपर्यंत राहिले नाहीत. "मला नाही दिसायचे त्याचे हात."

त्यांनी हात मांडीवर ठेवले. "उद्या साहेब साडेआठला येतात," ते म्हणाले. "मी सांगतो. तू येशील बरोबर?"

"येईन."

"बोलू नकोस काही. नुसता ये."

ताई कागदी ट्रेमध्ये तीन कप घेऊन गर्दीतून वाट काढत आली. दोघांचे चेहरे बघून ती बाकापासून चार पावलांवरच थांबली. भाऊजींना ती दिसली, ती समोरून येत होती.

"उद्या सांगून टाकतो गं मी साहेबांना," ते म्हणाले. "बस झालं."

"तुम्हाला कुणी सांगितलं सांगायला?"

"कुणी नाही. याने काही सांगितलं नाही. हा फक्त उभा राहत नाही म्हणाला."

ताईने भावाकडे पाहिलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. तिने एक कप भाऊजींच्या हातात दिला, त्यांची बोटं कपाभोवती नीट बसेपर्यंत धरून ठेवला. दुसरा स्वतः घेतला. तिसरा तिने बाकाच्या पार टोकाला ठेवला आणि ट्रे चुरगळून टाकला.

"पुढच्या रविवारी येऊ नकोस," ती म्हणाली.

"बरं."

तो उठला, बाकाच्या टोकाशी गेला आणि आपला कप त्याने आपल्या हाताने उचलला. चहात साखर दोन चमचे होती, त्याला लागते तेवढीच, कारण मागवताना तिला अजून काही माहीत नव्हतं. तो उभ्याउभ्या सगळा चहा प्यायला.